काळी पाच

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. डोंगराच्या कुशीत ठाकरांनी घरे बांधली की वस्तीला ते नाव आपोआप पडते. तेव्हा मी ज्या ठाकुरवाडीविषयी लिहीत आहे ती नेमकी कोणती, हे वाचकांनी विचारू नये. आमची तेथे मूठभरच घरे आहेत. महिन्यातून दोन रविवारी मी तेथे मिस्सा अर्पण करण्यासाठी जातो; पावसाळ्यात शेवटचा टप्पा पायीच चालावा लागतो, आणि पायताणे हातात घेऊन ओढा ओलांडणारा धर्मगुरू पाहून वाडीतली पोरे अजूनही हसतात.

या वाडीत एक मुलगा आहे. भजनी मंडळाची पेटी त्याचा काका वाजवीत असे. त्याच्या मांडीशी बसून हा शिकला. कुणी शिकविले नाही, कुणी अडविलेही नाही. गाणे एकदा ऐकले की बोटे त्याच्या मागे निघत. व्रतस्थ भगिनींनी शहरातल्या एका कुटुंबाकडून जुना कॅसिओ मिळवून दिला तेव्हा आठ दिवसांत त्याने आमच्या गायनपुस्तकातली निम्मी गीते बसविली. मात्र सारी एकाच पट्टीत, पांढरी एक. गाणाऱ्यांचा सूर वर-खाली असला की तो कॅसिओवरची ट्रान्स्पोजची कळ दाबी. बोटे जागच्या जागी राहत आणि पट्टी सरके.

माझ्यातला जुना सेमिनरीयन हे पाहून अस्वस्थ झाला. मुलाची इच्छा होती की पुढे शहरात जाऊन एखाद्या चर्चमध्ये वा वाद्यवृंदात वाजवावे. तेथे समोर कागद ठेवतात, आणि कागद वाचता आला नाही तर कितीही गोड हात असला तरी मागच्या बाकावर बसावे लागते. मी त्याला म्हणालो, “तुला नोटेशन शिकवतो. पहिल्यांदा पट्टीची खूण.”

पाश्चात्त्य स्वरलेखनात पाच रेषांच्या आरंभी, सूत्रचिन्हाच्या लगेच पुढे, काही शार्प किंवा काही फ्लॅट एकत्र मांडलेले असतात. त्यांना इंग्रजीत की सिग्नेचर म्हणतात. हे चिन्ह प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पुन्हा येते, आणि ज्या स्वराच्या जागेवर ते उभे आहे तो स्वर गाण्यात जिथे जिथे येईल तिथे तिथे अर्धा स्वर चढवून वा उतरवून वाजवावा, असा त्याचा अर्थ. मध्ये वेगळी सूचना नसेल तर हा हुकूम शेवटपर्यंत चालतो. एरवी प्रत्येक स्वरापुढे चिन्ह लिहावे लागले असते आणि कागदावर मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे दिसले असते.

आम्हाला गोरेगावच्या सेमिनरीत हे पाठ करविले गेले. शार्पचा क्रम ठरलेला: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. तो ध्यानात राहावा म्हणून कुणा लढवय्या ‘फादर चार्ल्स’वर रचलेले एक इंग्रजी वाक्य आहे, त्यातल्या शब्दांची आद्याक्षरे हीच, आणि तेच वाक्य उलटे वाचले की फ्लॅटचा क्रम मिळतो. शार्प असतील तर शेवटच्या शार्पच्या अर्धा स्वर वर पट्टी. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हेच पट्टीचे नाव. आणि एकटाच फ्लॅट असेल तर एफ. परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले. पण हे असे का, हे मला कुणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

ते मला कळले ठाकुरवाडीत, मुलाला शिकवताना. त्याला एफ-जी कळेनात, म्हणून मी सारेगमवर आलो. पांढरी एकपासून सात पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की बिलावलाचे सात शुद्ध स्वर मिळतात. तेथे खूण काहीच नाही. आता याच सप्तकातला पंचम घे आणि त्याला सा मान. मग पुन्हा सात शुद्ध स्वर वाजव. मुलाने वाजवून पाहिले आणि सातव्या पायरीवर अडखळला. “फादर, इथं काळी लागते.” कोणती? पूर्वीचा मध्यम आता तीव्र करावा लागत होता आणि तोच नव्या सप्तकाचा नि होत होता. हाच पहिला शार्प! प्रत्येक वेळी पंचमाला सा करावे, जुन्या मध्यमाला तीव्र करावे, की एकेक शार्प वाढत जातो. म्हणून शेवटचा शार्प म्हणजे नेहमी नि, आणि नि च्या लगत वर सा. फ्लॅटचे नेमके उलट. मध्यमाला सा मानले की जुना नि कोमल होतो आणि नवा मध्यम बनतो. शेवटचा फ्लॅट म्हणजे म. त्याच्या आधीचा फ्लॅट म्हणजे सा.

वयाची पन्नाशी उलटल्यावर, कुडाच्या भिंतीला टेकून, मला माझ्याच पाठांतराचा अर्थ लागला. तानपुऱ्याच्या तारा पंचमात किंवा मध्यमात का लावतात, हे आपल्या गवयांना शतकानुशतके ठाऊक आहे. त्याच दोन स्वरांच्या वाटेने युरोपाने आपल्या साऱ्या पट्ट्या ओवल्या आहेत, इतकेच.

फ्लॅटचे चिन्ह म्हणजे मुळात लॅटिन बी हे गोलसर अक्षर, हेही मी त्याला सांगितले. मध्ययुगीन मठांत उपासनागीते लिहिताना उतरणारा स्वर मुख्यतः बी हाच असे; उतरला की गोल बी, न उतरला की चौकोनी बी. त्या चौकोनी अक्षरातून पुढे नॅचरलची आणि शार्पची चिन्हे निघाली. अकराव्या शतकात अरेझ्झोच्या ग्विदो या मठवासीयाने संत योहान बाप्तिस्टाच्या स्तोत्रातून उत्, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे घेतली. आपला सा-रे-ग-म त्याहून किती तरी जुना आहे हे ऐकून मुलाला फार बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही.

ही विद्या आपल्या भागात आली ती गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चला जोडून शाळा असत. तेथे मेस्त मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फेज शिकवीत आणि हाती व्हायोलिन देत. विसाव्या शतकात त्याच मुलांचे वंशज मुंबईला आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील त्या प्रसिद्ध गाण्यातून शिष्याने गुरूचे नाव घरोघरी पोहोचविले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबेस्टियन डिसूझा वाद्यमेळ रचीत. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी; ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकाला त्याच्या वाद्याच्या पट्टीत लिहून देणे हे या मंडळींचे काम.

ते काम वाटते तितके सोपे नव्हे. आपल्याकडचा गायक सहज म्हणतो, “काळी एक द्या.” पेटीवाल्याला काळी एक म्हणजे नेहमीची ओळखीची जागा. पण तीच पट्टी कागदावर उतरली की व्हायोलिनवाल्यापुढे पाच फ्लॅट उभे राहतात, आणि त्याच्या जी, डी, ए, ई या चार मोकळ्या तारांपैकी एकही त्या पट्टीत बसत नाही. शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याचा कागद आणखी निराळा. त्याचे वाद्य बी फ्लॅटचे, लिहिलेल्याहून एक पूर्ण स्वर खाली वाजणारे. म्हणून त्याच्यासाठी सारे एक स्वर वर लिहावे लागते आणि पाच फ्लॅटचे तीनच उरतात. एकच चाल, एकाच क्षणी, एकाच खोलीत, आणि कागदावर दोन वेगळ्या खुणा! गायकाला यातले काही ठाऊक नसे. त्याला त्याचा सूर मिळे. या गोष्टीचे महत्त्व मला तेव्हा कळायला हवे होते. पण मी ती मुलाला गंमत म्हणून सांगितली आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

मुलगा चलाख. तीन महिन्यांत तो खुणा ओळखू लागला. मग मी त्याच्यावर एक बंधन घातले: ट्रान्स्पोजच्या कळीला हात लावायचा नाही, पुस्तकात जी खूण छापली आहे त्याच पट्टीत वाजवायचे. शिस्त म्हणून ते ठीक होते. सराव करताना ते आवश्यकही होते. माझी चूक ही की सराव कुठे संपतो हे मी ठरवून ठेवले नव्हते.

त्या श्रावणात वाडीतले आमचे सर्वांत वृद्ध गृहस्थ वारले. घर एका खोलीचे. पाऊस असा की ओटीवर उभ्या असलेल्यांना आतला शब्द ऐकू येत नव्हता. घराच्या पडवीतच मिस्सा ठेवली. त्यांची पत्नी शवपेटीच्या उशाशी बसली होती. गावातल्या बायका तिच्या भोवती. मी प्रवेशगीताचा क्रमांक सांगितला. हे गीत वाडीतल्या साऱ्यांना पाठ होते. भगिनींनी त्यांना ते कोणत्याही वाद्याविना, नुसत्या तोंडाने शिकविले होते. पुस्तकात ते दोन शार्पच्या खुणेत, म्हणजे डी या पट्टीत, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोनमध्ये छापलेले आहे.

मुलाने सूर दिला. मग माझ्याकडे पाहिले. त्याचे बोट त्या कळीजवळ गेलेले मी पाहिले आणि मान हलवून नको म्हटले.

पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीत चाल तार सप्तकात जाते. तेथे बायकांचे आवाज एकेक करून थांबले. दोन भगिनी आणि मी, असे तिघेच गात राहिलो. ती म्हातारी आजी, पन्नास-साठ वर्षे ज्याच्याबरोबर शेत लावले, मोळ्या वाहिल्या, त्याच्या उशाशी बसून, तोंड उघडी आणि मिटी. पावसामुळे तिचा आवाज ऐकू येत नाही असे मला प्रथम वाटले. मग ध्यानात आले की आवाज येतच नव्हता. मी तीन कडवी पूर्ण केली. मधेच थांबणे मला उपासनेच्या शिस्तीत बसणारे वाटले नाही.

दफनभूमी वाडीच्या वरच्या अंगाला आहे. तेथे कॅसिओ नेणे शक्य नव्हते. मातीच्या मुठी टाकून झाल्यावर कुणीतरी, मला वाटते आजीच्या सुनेने, तेच गीत उचलले. सूर खूप खालचा होता. आधी चार-पाच बायका, मग सगळ्या, मग पुरुष, आणि शेवटी ती आजी. तार सप्तकाची ती ओळ आली तेव्हा एकाचाही आवाज फुटला नाही. लावणीच्या वेळी चिखलात वाकून गाणाऱ्या, गौरीपुढे रात्र-रात्र फेर धरणाऱ्या या बायका. त्यांचा सूर असा छातीतून निघतो. तो मी कितीदा ऐकला होता! माझ्याशेजारी उभा असलेला मुलगा, पुढे पाहत, हळूच म्हणाला, “काळी पाच, फादर.”

पेटी नाही, कॅसिओ नाही, त्याने तो सूर नुसत्या कानाने ओळखला होता. पांढरी दोनपासून मोजले तर चार पायऱ्या खाली.

परतताना आजीच्या घरी थांबलो. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “फादर, तुमचा सूर लय उंचावर हाय. आमी तिथवर पोचत नाय.” त्यात तक्रार नव्हती. माझ्या आवाजाचे कौतुकच होते त्यात. म्हणून ते अधिक लागले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचे संविधान प्रसृत केले. मिशन प्रदेशांतील लोकांची स्वतःची संगीतपरंपरा असते आणि तिला उपासनेत योग्य स्थान मिळाले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या परिच्छेदावर मी सेमिनरीत निबंध लिहिला होता. तोही चांगला वठला होता.

दफनानंतरच्या रविवारी मी मुलाला कोरा कागद दिला आणि म्हणालो, “ते गीत काळी पाचमध्ये लिही. बायका गातात तसे.” तो ओटीवर पालथा पडून तासभर लिहीत होता. त्याने प्रत्येक स्वर मोजून दोन जागा खाली आणला: डी होता तेथे बी, ई होता तेथे सी. एकही चुकला नाही. मग वाजवायला बसला, आणि पहिल्याच ओळीत हात उचलला. “फादर, हे तर रडायला लागलं.”

मी कागद पाहिला. स्वर सारे उतरविले होते, पण ओळीच्या तोंडाशी दोन शार्प तसेच ठेवले होते. आता हे दोन शार्प म्हणजे डी मेजरची खूण हे खरे. पण तीच खूण बी मायनरचीही आहे. एका खुणेची अशी दोन घरे असतात, आणि खूण पाहून कोणते घर ते कळत नाही. गाणे कोठे येऊन विसावते, शेवटचा स्वर कोणता, ते पाहावे लागते. बिलावलाच्या धैवताला सा मानले की आसावरीचे स्वर लागतात; आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. मुलाने नकळत तेच केले होते. बिलावलाचे गीत आसावरीत जाऊन पडले होते.

“खूण बदल,” मी सांगितले. त्याने दोन शार्प खोडून दोन फ्लॅट मांडले, बी आणि ई. खाली लिहिलेल्या स्वरांना बोटही लावले नाही. पुन्हा वाजविले. गीत जागेवर आले.

मग आम्ही दोघे त्या कागदावर वाकून मोजत बसलो की बदलले काय. सातपैकी चार स्वर अर्ध्या पायरीने उतरले होते: बी, सी, ई आणि एफ, म्हणजे सा, रे, म आणि प. डी, जी आणि ए हे तिघे होते तिथेच होते. आणि गंमत अशी की मघाशी हेच तीन स्वर कोमल गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद म्हणून रडत होते! ते स्वतः तसूभरही हलले नाहीत. त्यांच्या पायाखालचा सा अर्धी पायरी खाली आला, तेवढ्याने ते शुद्ध झाले. मुलाने हे तीनदा वाजवून पाहिले, एकदा शार्पनी, एकदा फ्लॅटनी, पुन्हा शार्पनी. त्याच्या काकाला हाक मारून ऐकविले. काकाने विडी बाजूला ठेवून ऐकले आणि म्हणाला, “सा हलला की सगळं हललं.” त्याला नोटेशनचे एक अक्षर येत नाही.

काही वाचक म्हणतील की मग कागदाची गरजच काय? बायकांना खूण न शिकता सूर सापडला, मुलानेही तो कानाने ओळखला. मला हे पटत नाही. कळ दाबून पट्टी सरकविता येते, पण त्याने मुलाचे शहरातले काम भागणार नाही. आणि कळ दाबून तीन स्वरांची ती गोष्ट त्याला कधी कळली नसती. आजही त्याला मी खुणा शिकवितोच. आता पाच फ्लॅटपर्यंत आलो आहोत, काळी एक. फरक एवढाच की वाडीसाठी गीत निवडले की आधी मी बायकांना वाद्याविना एक ओळ म्हणायला लावतो. मुलगा सूर ओळखतो, मग खूण लिहितो. आमच्या गायनपुस्तकाच्या वाडीतल्या प्रतीत आता बऱ्याच पानांवर छापील खुणेवर पेन्सिलीने काट मारलेली आहे.

महिन्याच्या मिस्सेला तेच प्रवेशगीत ठेवले. मुलापुढे त्याच्या हातचा कागद होता, दोन फ्लॅटचा. आजी पहिल्या रांगेत, भुईवर. मुलाने काळी पाच दिली. आजीने सूर घेतला, इतरांच्या आधी. पहिले कडवे नीट झाले. दुसऱ्या कडव्याच्या आधी कॅसिओ थांबलेला असताना ती एकटीच पुढे निघाली, आणि तिचा सूर आणखी एक पायरी खाली गेला, पांढरी सहाच्या आसपास. बायका तिच्यामागे गेल्या. मुलाने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याचे बोट ट्रान्स्पोजच्या कळीवर होते.

मी मान डोलावली.